वादीकाठचा कडू कहवा

त्या वर्षी माझा देवावर राग होता. सांगलीला वडील गेले आणि तिकीट-व्हिसाच्या घोळात मला वेळेवर पोचताच आलं नाही. दत्तगुरूंपुढे रडून झालं, भांडून झालं, काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून मस्कतमधल्या वादी कबीरच्या आमच्या फ्लॅटमधल्या देवघरासमोर मी हात जोडणंही सोडलं होतं. दिवा लावायच्या त्या सासूबाई, नुकत्याच साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आलेल्या. त्या एवढंच म्हणायच्या, "रुसलीस तर रूस, पण घर त्याचंच आहे गं."

तेव्हा मस्कतला सुट्टी गुरुवार-शुक्रवारी असे. अशाच एका गुरुवारी हे, मी, सासूबाई आणि नऊ वर्षांची मुग्धा असे चौघं धबधबा बघायला निघालो. कुरियातच्या पुढे डोंगरात एक वादी आहे, म्हणजे कोरडं नदीपात्र. त्यातून तासभर चालत गेलं की धबधबा लागतो, असं यांच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. आकाश निरभ्र होतं, ऊन चढत होतं आणि मला लवकर पोचायची घाई.

वाटेच्या सुरुवातीलाच, पात्राच्या वरच्या खजुराच्या बागेत, एक म्हातारे ओमानी बाबा चटई टाकून बसले होते. "आओ अम्मा, कहवा पियो," त्यांनी मोडक्या हिंदीत सासूबाईंना हाक मारली. नाही कसं म्हणणार? आम्ही टेकलो. मुग्धा मात्र खाली पात्रातच थांबली. सँडल काढून दगडावर ठेवले, डबक्यात पाय बुडवले आणि ओरडत राहिली, "मम्मी, यल्ला ना! लेट होतंय!"

सासूबाईंना तो कहवा, म्हणजे बिनसाखरेची अरबी कॉफी, घशाखाली उतरेना. पण दिलेलं टाकायचं नाही हा त्यांचा जन्माचा नेम, त्यात दत्ताचा वार. कुणी देईल तो प्रसादच. डोळे मिटून त्यांनी तो इवलासा कप रिकामा केला. बाबांनी लगेच भरला. पुन्हा रिकामा केला, पुन्हा भरला. "पुरे, पुरे" म्हणाल्या तर बाबा हसून आणखी ओतताहेत! माझं डोकंच फिरलं. "आई, ठेवा तो कप तसाच आणि चला," मी चक्क खेकसले. "अगं, भरला कप टाकून कसं उठायचं?" त्या कानकोंड्या झाल्या आणि त्यांनी खाली हाक दिली, "मुग्धे, ये गं बाळा, एवढा एक तू पी. माझ्याच्यानं आता होत नाही."

मुग्धा पाय आपटत, अनवाणीच वर आली. "ई आजी, सो कडू!" म्हणाली, तरी संपवला. बाबांनी तोच कप भरून पुन्हा सासूबाईंच्या हातात दिला.

आणि आवाज आला. टिपरमधून दगड ओतावेत तसा, पण थांबेचना. आम्ही वळून बघतो तो वरच्या वळणावरून तपकिरी पाणी उभंच्या उभं आलं, झाडंझुडपं आणि धोंडे घेऊन. मुग्धा उभी होती ती जागा, ते डबकं, तिचे सँडल, डोळ्यांदेखत सगळं गेलं. वर ढगाचा ठिपका नव्हता. पाऊस लांब डोंगरात कुठेतरी पडला असणार. यांनी मुग्धाला पोटाशी धरलं, ते सोडेचनात. बाबा जागच्या जागी थिजले होते, "या अल्ला, या अल्ला" पुटपुटत.

सासूबाईंचा हात लटलट कापत होता. हातातला कप हलत होता, कहवा सगळा पदरावर सांडला होता. बाबांचं तिकडे लक्ष गेलं. त्यांनी कप हळूच काढून घेतला आणि बाजूला ठेवला. "खलास, अम्मा," ते म्हणाले. "बस हो, तो कप ऐसा हिलाने का."

ही इथली रीत. कप हलवला तर पुरे. नुसता रिकामा पुढे केला तर यजमान भरतच राहणार. इतकी वर्षं मस्कतला राहून मला ती ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर पहिल्याच कपाला आम्ही उठलो असतो आणि चौघंही त्या पात्रात असतो.

घरी आल्यावर मी दिवा लावला. देवघरासमोर नुसती रडत उभी राहिले. वडिलांची शेवटची भेट का नाही झाली, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही, आणि मी ते आता मागतही नाही. पुरे कधी, ते त्याला कळतं. पुढ्यात येईल ते मी तोंड वाकडं करून का होईना, पिते. आणि दिवा लावताना मागून मुग्धाची चाहूल लागली, की हात आपोआप जुळतात.