क्रुसाची पायरी

आमच्या वसईच्या बाजारात पोर्तुगीज काळातला दगडी क्रूस अजून उभा आहे. बाजारात सापडलेली वस्तू त्याच्या झिजलेल्या पायरीवर ठेवायची, ही इथली जुनी रीत. मालकाशिवाय तिला कुणी हात लावत नसे. आता क्रूस जपायचा म्हणून भोवती जाळी आलीय, तिला कुलूप.

परवा मला तिथेच एका लहान मुलीचं चांदीचं पैंजण सापडलं.

"कुठं ठेवू, मावशी?" मी शेजारच्या भाजीवालीला विचारलं.

"ठेवू नको गो. घरी ने," ती मान वर न करता म्हणाली.

मी हट्टानं ते जाळीला अडकवलं. सकाळी ते तिथं नव्हतं. पूर्वी आम्ही म्हणायचो, ज्याचं त्याला मिळालं. मी पुटपुटून पाहिलं. मलाच खरं वाटलं नाही.