एका बरणीत एक धातू

“खाली ठेव.”

दिवसातून पन्नास वेळा हे दोन शब्द ऐकायचे. काम दाखवायला गेलं की आमच्या फोरमनचा हात काही पुढं यायचा नाही. वस्तू आपण टेबलावर ठेवायची, दोन पावलं मागं सरायचं, मग तो ती उचलणार. घरून आणलेलं पाणी स्वतःच्या लोटीतनं तीनदा तिच्यावर ओतणार, जिभेचं टोक लावणार आणि डोळे मिटून म्हणणार, “जस्त जास्त पडलंय.” धातूला आंघोळ घालून चाटणारा माणूस तुम्ही कुठं पाहिलाय? मी आठ वर्षं पाहिला. तोंडावर त्याला अहो-जाहो केलं, इथं करणार नाही.

चिंचवड स्टेशनजवळ पत्र्याच्या शेडमध्ये आमचा कारखाना होता. नळाच्या तोट्या आणि सायकलचं किरकोळ सामान करायचो. मी कोकणातल्या कोळ्याचा मुलगा. वादळात आमचा मचवा गेला, म्हणून घाट चढून आलो आणि लेथ शिकलो. शेडमध्ये पाण्याचा एक माठ होता, सगळ्यांचा. फोरमनची पितळी लोटी मात्र वेगळ्या खिळ्याला. तिला कुणाचा नुसता धक्का लागला तरी हा गडी ती राखेनं घासायला बसायचा. माझा लागला तर दोनदा, कारण माझे हात मासळी खाणारे.

आणि देवाची करणी बघा. मुंबईच्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानाकडून ऑर्डर आली ती नेमकी मासे धरायच्या काठ्यांची! साहेबलोक हौसेनं समुद्रावर गळ टाकतात, त्या काठीच्या मुठीजवळ दोर गुंडाळायची चरखी असते. ती जिच्यावर बसते, ती बैठक आम्ही करायची होती. एक नळी आणि चरखीचा पाय आवळून धरणारी आट्यांची कडी, एवढंच काम. धातू कुठला घ्यायचा ते आम्हीच ठरवायचं. अट एकच, खाऱ्या पाण्यात टिकला पाहिजे.

फोरमनच्या तोंडून ‘मासा’ हा शब्द निघेना. “ते तसलं काम” म्हणायचा. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता, पण ऐट केवढी! “समुद्र समुद्र काय लावलंय? मीठ आणि पाणी. इथं बसून करतो मी समुद्र.”

खिडकीत त्यानं लोणच्याच्या तीन बरण्या मांडल्या, मिठाच्या पाण्यानं भरलेल्या. एकीत पोलाद, एकीत पितळ, एकीत अ‍ॅल्युमिनियम. प्रत्येकीवर चिठ्ठी. महिनाभर कुणी हात लावायचा नाही. खंडेनवमीला लेथच्या आधी त्या बरण्यांना हळदकुंकू वाहिलं आमच्या या फोरमन महाराजांनी. पोलाद दोन दिवसांत तांबडं झालं, ते बाद. पितळेवर हिरवट डाग आले, पुसल्यावर गेले. अ‍ॅल्युमिनियम थोडं मळलं, इतकंच. दोघं पास. मग ठरलं, नळी अ‍ॅल्युमिनियमची, हलकी म्हणून, आणि कडी पितळेची, आटे झिजू नयेत म्हणून.

मला राहवलं नाही. म्हटलं, “साहेब, दोन्ही जोडून एकाच बरणीत ठेवून बघू या ना. आमच्याकडं मचव्याला तांब्याच्या खिळ्याशेजारी लोखंडी खिळा मारत नाहीत. एका हंगामात लोखंडाचं भुसकट होतं.”

“एका बरणीत एक धातू,” तो म्हणाला. “कालवाकालव माझ्याकडं चालायची नाही. आणि कोळ्यानं मला धातू शिकवू नये.”

सगळे हसले. मीही हसलो, लाचारासारखा.

चार महिन्यांनी मुंबईहून खोके परत आले. कड्या नळीवर गच्च बसलेल्या, आट्यांत पांढरी भुकटी. पान्हा लावला तर नळी पिचकायची, कडी ढिम्म हलायची नाही. शेठ तांबडेलाल झाले होते. “आटे कोणी पाडले?” त्यांनी विचारलं. फोरमननं बोटसुद्धा उचललं नाही, नुसत्या हनुवटीनं मला दाखवलं.

“पुढच्या शनिवारनंतर येऊ नकोस,” शेठ म्हणाले.

बायकोला सातवा महिना होता. गावठाणात भाड्याची एक खोली, आणि परत जावं तर मचवा नाही. हलकट, हलकट, असं घोकत मी घरी आलो. खिशात एक नवी कोरी जोडी होती, नळी आणि कडी. कडी हातानं गरगर फिरवून बघितली, लोण्यासारखी फिरत होती. बायकोकडं बरणी मागितली.

“लोणच्याची बरणी? त्यात लोखंड घालताव?” ती म्हणाली. मीठ टाकताना बघून तिनं कपाळाला हात लावला. “मेल्या समुद्रानं इथं पण पिच्छा सोडला नाय!”

आठव्या दिवशी, शनिवारी, बरणी घेऊन शेठच्या टेबलासमोर उभा राहिलो. फोरमन शेजारीच होता. मी जोडी बाहेर काढली. कडीभोवती पांढरी बुरशी धरल्यासारखं झालं होतं. शेठनी जोर लावला, फिरेना. “ही कोरी जोडी, आठवडाभर नुसत्या मिठाच्या पाण्यात,” मी म्हटलं. “हिच्यावर चरखी बसली नाही, हिला काठी लागली नाही. आटे चुकले असते तर पहिल्या दिवशीच अडकले असते.”

शेठनी जोडी मला परत दिली. आणि फोरमननं ती माझ्या हातातनं हिसकावली. खाली ठेव नाही, आंघोळ नाही, काही नाही. ओली, माझ्या बोटांची, तशीच जिभेला लावली. आणि डोळे मिटले.

“आटे याचे बरोबर आहेत,” तो म्हणाला. “चूक माझ्या बरण्यांची.”

शेठपुढं असं बोलायला छाती लागते, हे कबूल करतो. नोकरी त्याचीही जाऊ शकत होती. माझे डोळे भरून आले. वाटलं, याचे पाय धरावेत.

बरं झालं धरले नाहीत. कारण तो तडक बाहेर नळावर गेला आणि गुळण्या करू लागला. आम्ही शेडमधून बघत होतो. बारा गुळण्या केल्या भल्या माणसानं, मग हात राखेनं घासले. सोमवारी मी नव्या कडीचा नमुना घेऊन गेलो, तर म्हणाला, “खाली ठेव.”

नवी कडी अ‍ॅल्युमिनियमचीच केली, जाड आट्यांची. पुढं प्रत्येक कामात तो सगळे भाग जोडून एकाच बरणीत ठेवायचा. धातूंना एकत्र बसायची परवानगी मिळाली. माठाजवळ मात्र तो शेवटपर्यंत फिरकला नाही.

एका पौषात तो कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, झोपेतच गेला. नवा फोरमन आला, त्यानं बरण्या वाटून टाकल्या. लोटी तेवढी खिळ्याला तशीच राहिली. कुणी हात लावीना, मीसुद्धा. इतकी वर्षं शिव्या घातल्या त्या माणसाला, आणि त्याचं सोवळं आम्हीच पाळत बसलो होतो. तीन महिन्यांत लोटी हिरवी-काळी पडली.

चैत्रात एके दिवशी मी ती खिळ्यावरून काढली, चिंच आणि मीठ लावून लख्ख घासली आणि माठावर उपडी ठेवली. मग मी माठात बुडवून भरली, जीभ लावून बघितली आणि प्यायलो. रोजचंच पाणी होतं.

लेथवरचा शेजारी तहानलेला उभा होता. त्यानं हात पुढं केला. मी लोटी त्याच्या हातात दिली.