पाण्यावर उतरणारं विमान

माझे सासरे मनोहर ब्याऐंशीचे. आमच्याकडे अमेरिकेत, नोव्हायला असतात. गाडी चालवत नाहीत. म्हणजे माझ्या नवऱ्याने, केदारने, किंवा मी नेलं तरच बाहेर. पण त्यांना खरं कोंडून ठेवलंय ते त्यांच्या आईने, अहिल्याआजींनी, आणि ती जाऊन पंचवीस वर्षं झाली.

ते आठ महिन्यांचे होते तेव्हा त्यांचे वडील चारुदत्त महायुद्धात विमानातून समुद्रावर गस्तीला गेले. वायरलेस सांभाळायचे. वय चोवीस. परतलेच नाहीत. बारा वर्षांनी भटजी म्हणाले, आता दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या. अहिल्याआजींनी त्यांना चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. "पाण्यावर उतरणारं विमान होतं ते. पाण्यात बुडेल कसं?" मुलाकडून वचनच घेतलं, वडिलांच्या नावाने तीळ-पाणी सोडायचं नाही.

आजी कुंकवासकट गेल्या. बाबा दर पितृपक्षात आईला पाणी देतात, वडिलांना नाही, आणि मग आठवडाभर अपराध्यासारखे वावरतात.

"अहो बाबा, ते आता शंभरी ओलांडून गेले असते!" एकदा मी वैतागून बोलले.

"कळतं गं मला. पण वचन मोडू कसं?"

गेल्या पितृपक्षात केदार आम्हाला एका विमानांच्या म्युझियममध्ये घेऊन गेला. तिथे तसलंच, पाण्यावर उतरणारं विमान होतं. म्हाताऱ्या गाइडने बाबांना वायरलेसवाल्याच्या खुर्चीत बसू दिलं. जागा इतकी अरुंद की गुडघे टेबलाला टेकले.

बाबांनी त्याला इंग्रजीत विचारलं, "भर समुद्रात उतरतं हे?"

"तळ्यात, शांत खाडीत उतरतं, सर. मोठ्या लाटांवर आपटलं तर फुटतं. मग बुडायला कितीसा वेळ?"

मागे रांग लागली, तरी बाबा उठेनात. "आईला हे कुणी सांगितलंच नाही," म्हणाले आणि तिथेच रडले. मलाही रडू आवरेना. इतकी वर्षं मी या माणसाला हट्टी समजत होते.

घरी आल्या आल्या त्यांनी ताम्हन मागितलं. ओंजळीत तीळ घेतले, मी पाणी घातलं. वडिलांचं नाव घेतलं, पण हात काही कलता होईना. केदार काही बोलणार, तोच मी त्याला गप्प केलं. म्हातारी बोटं ती, घट्ट जुळत नव्हती. त्यांच्या फटींतून तिळांसकट पाणी थेंब थेंब ताम्हनात गळत राहिलं, पार संपेपर्यंत.

रिकाम्या ओंजळीकडे बघत बाबा म्हणाले, "आई, मी नाही हं सोडलं. आपोआप गेलं."