वायंगणाचं पाणी

त्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर आमच्या वहाळावरचा बंधारा खेकड्यांनी, आमच्या कुर्ल्यांनी, पोखरला नव्हता. तो मी फोडला होता. हे आजवर कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी गावच्या नळयोजनेचा पंप चालवत असे. विहीर वहाळाच्या पात्रात, बंधाऱ्याच्या खाली. वर दगड, माती, पाला घालून अडवलेलं पाणी पाटाने वायंगणाला, म्हणजे उन्हाळी भाताला जायचं. पूर्वी अख्खी वाडी मिळून बंधारा घाली. दारात नळ आले आणि तिकडे कुणी फिरकेना. शेजारची वयनी तेवढी एकटी घालत राहिली. नवरा वारलेला, वर्षाचा भात पाटाखालच्या दोन कुणग्यांतून, दोन छोट्या शेतांतूनच.

भारनियमनामुळे वीज दुपारी दोन तास यायची. तेवढ्यात टाकी भरायची, तर विहीर अपुरी. अर्ध्या तासात पंप हवा ओढू लागे. सणाला चाकरमानी येणार होते. सरपंच म्हणाले, "पालखी दारात आली की काय रिकामी कळशी दाखवू?"

वीज आली तेव्हा वयनी जेवायला गेली होती. मी बंधाऱ्याचे मधले चार दगड काढले. पाणी विहिरीत उतरलं, टाकी भरली. वाटलं होतं, वीज गेली की दगड परत लावू. पण तोवर पाण्याने मातीच नेली.

"कुर्ल्यांनी पोखरलानी," मी सांगून टाकलं. सगळ्यांना पटलं, कुर्ल्या पोखरतातच.

नळावर एकजण म्हणाली, "वयनी, कुर्ल्या पोसल्यास, आता कालवण तरी खा."

वयनीही हसली. मग मला म्हणाली, "भावजी, माझाच बांध कच्चा. माझ्या मातीने तुमची विहीर गढूळ झाली असेल ना?"

मी म्हटलं, "होईल निवळ."

भात पोटरीत होतं, लोंब्या अजून बाहेर यायच्या होत्या. एकटीला बंधारा घालायला महिना लागे, आणि मदतीला माणसं कुठली? आठ दिवसांत शेत पांढरं पडलं. तिने ते कापून गुरांपुढे टाकलं.

टाकी शिमग्यापुरती पुरली. पुढल्या साली बंधारा कुणी घातलाच नाही आणि विहीर माघातच आटली. वर अडलेलं पाणी मुरून विहिरीत येत होतं, हे पंप चालवणाऱ्या मला तेव्हा कळलं. मग वीज असली तरी उपसायला काही नसे. वयनी रेशनच्या तांदळावर आली, नंतर मुंबईला मुलाकडे गेली. कुणग्यांत आता रान आहे.

गणपतीला ती येते, आमच्याकडे चहा घेते, पंपाचं विचारते. मी तिला खरं सांगण्याचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.