अंगठ्यावरची सैल गाठ

नंदूच्या पाळण्याच्या दोरीबद्दल मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्याशी नाही, सख्ख्या बहिणीशी नाही, नंदूशी तर नाहीच — तो आता मिशा राखतो आणि मलाच अक्कल शिकवतो. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट माहीत नाही. पण ऐका.

तेव्हा आम्ही कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत राहत होतो. दोन खोल्यांचं क्वार्टर, वाळत घातलेल्या दुपट्यांवर बारीक राख, आणि आठ महिन्यांचा नंदू. दिवसा इतका गुणी, की शेजारणी त्याला मांडीवरून खाली ठेवत नसत. रात्री मात्र तासातासाला उठायचा. भूक नाही, दुखणं नाही — नुसती खोड. ह्यांची नेमकी रात्रपाळी. मी चालता चालता झोपत होते. एकदा वरणात मिठाऐवजी साखर पडली. ह्यांनी मुकाट्याने जेवून घेतलं.

मग सासूबाईंनी गावाहून उपाय सांगून पाठवला. पाळण्याला लांब दोरी बांधायची, दुसरं टोक आपल्या पायाच्या अंगठ्याला. बाळ चुळबुळलं की दोरीला ओढ बसते. आपण पडल्या पडल्या पाय हलवायचा, की पाळणा झुलतो आणि बाळ पुन्हा झोपतं. महिन्याभरात नंदू सलग चार-पाच तास झोपायला लागला. कॉलनीत माझं नाव झालं! बाया विचारायला यायच्या. मी ऐटीत सांगायची — तिन्हीसांजेला तेल चोळा, ऊन पाण्याने न्हाऊ घाला, ओव्याची धुरी द्या, मग दोरी. एकीचं मूल तरीही झोपेना, तर मी तिलाच म्हटलं, तुम्हीच नीट करत नसाल.

बघा, अजून मी आजूबाजूलाच फिरते आहे. दोरी ओढत कोण होतं, ते सांगायचं राहिलंच.

कुंदा माझी धाकटी नणंद. सतरा वर्षांची. गावात हायस्कूल नाही म्हणून मॅट्रिकसाठी आमच्याकडे राहायला आलेली. पुढच्या खोलीत चटई टाकून अभ्यासाला बसायची. तिला मास्तरीण व्हायचं होतं. छडीऐवजी चमचा हातात घेऊन नंदूला पाढे शिकवायची, आणि तो तोच चमचा चोखायचा. मामाजींनी — म्हणजे माझ्या सासऱ्यांनी — बजावलं होतं: पास झाली तर ट्रेनिंगला घालू, नापास झाली तर लग्न. माझ्यावर तिचा फार जीव. माझं डोकं दुखलं की न सांगता तेल घेऊन यायची. मलाही ती आवडायची. खरंच आवडायची. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते पटणार नाही.

एका पहाटे उठले तर अंगठ्याला दोरी नव्हती. ती दारातून पुढच्या खोलीत गेली होती — कुंदाच्या अंगठ्यापर्यंत. कुंदा पुस्तकावर गाल टेकून झोपलेली. झोपेतही तिचा पाय हलत होता.

त्या रात्री मी डोळे मिटून पडून राहिले. ती आली. मला जाग येऊ नये म्हणून श्वास रोखून, हलक्या हाताने तिने गाठ सोडली. तुझी परीक्षा आहे, दे ती दोरी इकडे — एवढं म्हणायला माझं काय जात होतं? मी कूस बदलली. आणि दुसऱ्या दिवसापासून — सांगूनच टाकते — मी गाठ मुद्दाम सैल बांधायला लागले. जरा ओढली की सुटेल अशी. सोडताना तिला त्रास नको, असं मनाला समजावलं. परीक्षेपर्यंत तीन महिने असंच चाललं.

कुंदा गणितात नापास झाली.

निकालासाठी मामाजी गावाहून आले होते. तिला सोडून त्यांनी मला विचारलं, “काहून वं सूनबाई, पोरगी रातच्याले अभ्यास करे का झोपा काढे?”

कुंदा दारातच होती, नंदूचं नाक पुसत. मी म्हणाले, “दिवसा तं पेंगतच राहे, मामाजी.”

खोटं होतं का ते? नव्हतं. ती पेंगायचीच. का पेंगायची, ते मी सांगितलं नाही. तिनेही नाही — सांगितलं असतं तर वहिनीला बोल लागला असता ना. उन्हाळा सरायच्या आत तिचं लग्न झालं. नवरा चांगला मिळाला, सासर चांगलं मिळालं. पण ती मास्तरीण झाली नाही.

दोन वर्षांनी पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडेच आली, दवाखाना जवळ म्हणून. मुलगी झाली, रात्री जागवणारी. तोच पाळणा, तीच दोरी. मी मनाशी ठरवून ठेवलं होतं, आता माझी पाळी. दोरी घेऊन अंगठ्याला पक्की गाठ मारायला बसले, तर कुंदाने हसत टोक माझ्या हातातून काढून घेतलं.

“राहू द्या ना वहिनी. तुमची झोप लय गाढ. तुमाले थोडीच जाग येते?”

टोमणा नव्हता हो. मायेने बोलली. तिला खरंच तसं वाटत होतं.

मी “हो ना” म्हणाले आणि जाऊन पडले. त्या रात्री पाळणा चार वेळा कुरकुरला. चारही वेळा मी जागी होते — पूर्वी असायची तशीच.