जपानी हॉटेल आणि चाचांचा एसी

मस्कतच्या हमरिया भागातल्या समस्त चहाबाजांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपल्यातला एक जण जपानच्या हॉटेलात खरोखरच राहून आला होता.

हा माझा शेजारी, दापोलीकडचा एसी मेकॅनिक. कुठल्याही खोलीत शिरताना आधी उंबऱ्यावर थबकून कान तिरका करायचा, मग माणसांकडे बघायचा. कंपनीनं त्याला आठ दिवस ट्रेनिंगला जपानला धाडलं. तेव्हापासून दर शुक्रवारी चाचांच्या चहाच्या दुकानात तीच कथा. काउंटरवर यंत्रमानव, संडासाची बैठक गरम, "आणि माझ्या खोलीतला एसी बारीक वाजत होता. नाण्यानं जाळी उघडली, पट्टी बसवली, खलास! मॅनेजर कमरेत वाकला, भाऊ!"

रत्नागिरीचे चाचा हसून बेजार व्हायचे. त्यांच्याच डोक्यावर दुकानाचा एसी खडखडत असायचा.

"चाचा, ह्याला हात लावू द्या."

"जपानात लाव हात!"

मग एका शुक्रवारी त्याचा जपानी ट्रेनर मस्कतला आला. हा त्याला थेट दुकानात घेऊन आला. ट्रेनरनं सगळ्यांदेखत वाकून त्याला हॉटेलनं पाठवलेली डबी दिली. आत इवलासा स्क्रू ड्रायव्हर आणि मॅनेजरची इंग्रजी चिठ्ठी. ती मी खड्या आवाजात मराठीत वाचली, "आपण दुरुस्त केलेला एसी अजून गप्प आहे. पुढच्या वेळी कृपया नाणं वापरू नये."

वर एसीची खडखड चालूच. यानं सावकाश कान तिरका केला, आणि चाचा ताडकन उठून ओरडले,

"अरे, शिडी आना रे कोनीतरी!"