आपट्याची बस

काल पनवेलहून आपट्याला जाणाऱ्या बसमध्ये कुणीतरी सुक्या जवळ्याची टोपली माझ्या पायाशी ठेवली. त्या वासासरशी मला नारायणदादा आठवले. याच रस्त्यावर वर्षानुवर्षं ते ड्रायव्हर होते आणि मी कंडक्टर. गाडी चालवताना मागे न बघता ते मोठ्याने गोष्टी सांगायचे, मी खिदळायचे.

एकदा एका म्हातारीची अशीच टोपली उतरवून द्यायला मी खाली उतरले. तेवढ्यात कुणाचा तरी हात दोरीला लागला, निघायची दुहेरी घंटी वाजली आणि बस मला सोडून गेली! मी रस्त्यात उभी, खांद्याला तिकिटांची बॅग.

थोड्या वेळाने बस वळवून दादा परत आले. सगळे प्रवासी पोट धरून हसत होते.

"मी नाही, हे आत्ता कळलं होय?" मी फणकारले.

"गोष्ट संपली तरी तू हसली नाय. तवाच समजला, बाय गाडीत नाय!"

दादा मागच्या वर्षी गेले. काल तोच थांबा आला, घंटी दोनदा वाजली आणि मी एकटीच खो खो हसले. शेजारची बाई बघतच राहिली. बघू दे. दादांना कळायला हवं, मी गाडीत आहे.